तुरीचा भाव पेपरात येतो, घराचा का नाही?

घर विकायला काढलं, ओळखीच्या चार जणांच्या कानावर घातलं आणि आठ दिवसांच्या आत पहिलं गिऱ्हाईक दारात आलं. भावही अगदीच पडून मागितलेला नाही. अशा वेळी काय करायचं? हो म्हणून मोकळं व्हायचं, की अजून थांबून बघायचं?

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. पत्रकार म्हणल्यावर लोकांना वाटतं, याला गावातले सगळे आकडे माहीत असणार. तुरीचा, ज्वारीचा, सोयाबीनचा भाव विचारा, झोपेतून उठवून सांगू. बार्शीच्या बाजार समितीत आज किती आवक झाली, किमान भाव काय, कमाल काय, सर्वसाधारण काय, हे आम्ही रोज छापतो. पण शेजारच्या गल्लीतलं घर मागच्या महिन्यात खरोखर किती रुपयाला गेलं, हे गावात कुणालाच धड माहीत नसतं. ज्याला माहीत असतं तो सांगत नाही, आणि जो सांगतो त्याला माहीत नसतं.

पहिल्या ऑफरचा प्रश्न अवघड होतो तो इथं. भाव कळत नाही म्हणून आपण पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत बसतो.

आधी विकणारा कोण असतो ते बघा. तालुक्याच्या गावात घर विकणारा माणूस बहुतेक वेळा साठीच्या पुढचा. नोकरीत असताना फंडातून, सोसायटीच्या कर्जातून बांधलेलं घर. मुलं पुण्यात, वाकड नाहीतर हडपसरला. इथं नवरा-बायको दोघंच, वरचा मजला कायम कुलूपबंद, जिना चढवत नाही. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, किती दिवस सांभाळणार? विका आणि इकडं या." या माणसानं आयुष्यात घर एकदाच बांधलं आणि एकदाच विकणार. त्याच्या समोर बसलेला मधला माणूस महिन्याला दोन-चार व्यवहार हाताळतो. सामना असा आहे.

आणि सल्ला देणारे दोन पार्टीचे. पहिली पार्टी भवानीवाल्यांची. दुकानदार सकाळचं पहिलं गिऱ्हाईक परत पाठवत नाही, थोडं कमी घेतो पण भवानी करतो. तसं घराचंही पहिलं गिऱ्हाईक ही लक्ष्मी, तिला परत पाठवू नये, म्हणतात. दुसरी पार्टी म्हणते, आठ दिवसांत गिऱ्हाईक आलं याचा अर्थच तुम्ही भाव कमी सांगितला. थांबा, अजून येतील, पाच लाख वाढवून मागा.

माझं मत असं, की दोन्ही पार्ट्या नको तिकडं बघतायत. गिऱ्हाईक पहिलं आहे की पाचवं याला काही अर्थ नाही. ते किती देतंय, कसं देतंय, कधी देतंय, आणि आपल्याला त्याच्याआधी काय माहीत होतं, एवढ्याच चार गोष्टी बघायच्या असतात.

थांबण्याचा हिशेब आधी मांडू, कारण तो कुणी मांडत नाही. समजा तुम्ही ४५ लाख मनात धरलेत आणि पहिलं गिऱ्हाईक ४० म्हणतंय. पाच लाखांसाठी तुम्ही नाही म्हणालात. ४० लाख बँकेत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला २ लाख ६० हजार व्याज आलं असतं. घर बंद ठेवलं तर घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचं किमान बिल चुकत नाही. पावसाळ्याआधी गच्चीचं काम, वाळवीचं औषध, रखवालीला कुणीतरी, हे धरा तीस-चाळीस हजार. म्हणजे ढोबळ मानानं वर्षाला तीन लाख. वर्षभरानं ४५ मिळाले तर ते आजच्या ४२ इतके. दीड वर्षानं मिळाले तर साडेचाळीस. वीस महिने लागले तर तुम्ही आणि पहिलं गिऱ्हाईक एकाच जागी आलात, मधली डोकेदुखी फुकट.

यात भाव वाढला तर, हा मुद्दा कुणी काढेल. बरोबर आहे. पण तुम्ही मनात धरलेले ४५ हे आजचे की दीड वर्षानंतरचे, हे आधी ठरवा. आपल्याकडे माणूस भाव मागताना दोन वर्षांनंतरचा मागतो आणि वर पुन्हा म्हणतो, अजून वाढेल.

आमच्या भागातलं एक उदाहरण सांगतो, नाव-पत्ता सांगत नाही. निवृत्त शिक्षक. मुलाकडे राहायला गेले आणि घर विकायला काढलं. पहिल्याच पंधरवड्यात नोकरदार नवरा-बायको आले, दोघांचा पगार, बँकेचं कर्ज मंजूर असल्याचं पत्र हातात. सरांच्या मनातल्या आकड्यापेक्षा चार लाख कमी बोलले. सर म्हणाले, "आत्ताशी तर सुरुवात आहे." त्यानंतर आले ते नुसते बघे. कुणी वास्तुशास्त्र काढलं, कुणी पार्किंग काढलं. दोन पावसाळे गेले, गच्ची गळाली, भिंतीचे पोपडे पडले. बंद घराला एक वास येतो, तो आलेल्या माणसाला उंबऱ्यातच कळतो. शेवटी घर गेलं ते त्या पहिल्या आकड्याच्याही खाली.

बाजार समितीत शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की कळते. टोमॅटो आणला तर आज विकायचाच, उद्या त्याचा चिखल. तूर असेल तर भाव पडलेला बघून गोदामात टाकता येते. घर विकणाऱ्याला वाटतं आपलं घर म्हणजे तूर, कितीही दिवस ठेवा. राहतं घर असेल, किंवा चांगला भाडेकरू असेल, तर ते खरंय. भाडं येत असेल तर वरचा माझा हिशेब बराच बदलतो. पण बंद पडलेलं जुनं घर तूर नव्हे. टोमॅटोइतकं नाशवंत नसेल, पण कांद्याइतकं नक्कीच आहे.

आता दुसरी बाजू. म्हणून पहिल्याला लगेच हो म्हणायचं का? तर तसंही नाही. लवकर येणाऱ्या गिऱ्हाइकात एक जात अशी असते, जिला तुमच्या घराबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. रस्ता रुंद होणार आहे, विकास आराखड्यात समोरच्या प्लॉटवरचं आरक्षण उठणार आहे, शेजारचे दोन प्लॉट एकाच माणसानं घेतलेत आणि मधलं तुमचं घर त्याला हवंय. अशा वेळी तुमच्या घराची किंमत तुमच्या दृष्टीनं वेगळी आणि त्याच्या दृष्टीनं फार वेगळी. गिऱ्हाईक फारच घाईत असेल तर नगरपालिकेत जाऊन विकास आराखडा एकदा बघून या. एक चक्कर आणि अर्धा दिवस, एवढाच खर्च.

दुसरी जात आणखी चलाख. ती घर घेतच नाही, इसार देते. एका बाईंचं असंच झालं. नवरा वारल्यावर घर विकायचं ठरवलं. चौथ्या दिवशी माणूस आला, भाव मान्य केला, घासाघीससुद्धा केली नाही. ५१ हजार इसार, साठेखत अकरा महिन्यांचं. बाईंना वाटलं, देवमाणूस. पुढचे दहा महिने हा माणूस त्यांचंच घर इतरांना दाखवत फिरत होता, सहा लाख वाढवून. गिऱ्हाईक सापडलं असतं तर खरेदीखत परस्पर त्याच्या नावावर आणि मधले सहा लाख याचे. सापडलं नाही तर ५१ हजारांवर पाणी, नाहीतर तेही परत मागायला भांडण. बाईंचं घर मात्र वर्षभर अडकून पडलं. मधल्या काळात आलेल्या दोन चांगल्या गिऱ्हाइकांना त्यांना नाही म्हणावं लागलं.

याला घराची ऑफर म्हणत नाहीत. ५१ हजारात वर्षभर घर राखून ठेवणं म्हणतात. म्हणून भाव ऐकून खूश होण्याआधी दोन गोष्टी विचारा, इसार किती आणि मुदत किती. खरा घेणारा दहा टक्क्यांच्या आसपास इसार द्यायला कचरत नाही, आणि त्याला खरेदीखताला दोन-तीन महिने पुरतात. कर्ज काढणार असेल तर बँकेला कागद तपासायला आणि मूल्यांकनाला जो वेळ लागतो तो द्यावाच लागतो. पण अकरा महिने कशाला?

इसार घेतल्यावर पळवाट नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे समज असा, की चांगलं गिऱ्हाईक आलं तर इसार परत करून मोकळं व्हायचं. तसं होत नाही. करार पुरा करून मागण्यासाठी घेणारा कोर्टात जाऊ शकतो, आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते. शिवाय २०१८ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आधी असा हुकूम द्यायचा की नाही हे बरंचसं कोर्टाच्या विवेकावर होतं. आता कायद्यातले अपवाद सोडले तर करार पुरा करून देण्याचा हुकूम हाच नियम झालाय. तेव्हा चुळबूळ करायची ती इसाराच्या आधी करा.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्यावर आपण चहाच्या टपरीवर बोलतो पण लिहीत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "४० देतो. २६ कागदावर, १४ रोख." दुसरं म्हणतं, "३७ देतो, सगळे बँकेतून." बहुतेक घरांत ४० वाला जिंकतो. तीन लाख जास्त दिसतात ना!

दिसतात, पण असतात का? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. जेवढी रोख घेतली तेवढाच. कागदावर दाखवलेला आकडा सरकारी रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कर त्या सरकारी आकड्यावर मोजतात, तुम्ही लिहिलेल्यावर नाही. आणि ते १४ लाख ठेवणार कुठं? बँकेत टाकता येत नाहीत, पुण्यातल्या फ्लॅटच्या बिल्डरला चेकनं देता येत नाहीत, आजारपणात मोठ्या दवाखान्याचं बिल भरताना विचारणा होते. सत्तरीतल्या माणसाच्या कपाटात १४ लाख रोख, हे मला तरी धोक्याचं वाटतं.

कराची भीती लोकांना अकारण जास्त असते. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर महागाईची वजावट धरून वीस टक्के, हा दुसरा मार्गही मोजता येतो आणि कमी पडेल तो घेता येतो. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत आधार धरता येते. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट आहे. चाळीस लाखांच्या जुन्या घराला हे सगळं लावून बघितलं की कर बऱ्याचदा वाटतो त्यापेक्षा फार कमी निघतो. सीएकडे एकदा जा, ऑफर यायच्या आधी जा.

पण या रोखीच्या धंद्याचं खरं नुकसान पुढं आहे आणि ते सगळ्या गावाचं आहे. तुम्ही ४० ला विकलेलं घर सरकारी दप्तरात २६ ला विकलं गेलं. सहा महिन्यांनी तुमचा शेजारी भाव शोधायला निघाला. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जुन्या दस्तांचा शोध फुकट घेता येतो, मिळकतीचा क्रमांक टाकला की सूची क्रमांक दोन दिसते, त्यात मोबदल्याची रक्कम असते. शेजाऱ्याला तिथं २६ दिसतात. टपरीवर कुणी सांगतं, ४८ ला गेलं. मधला माणूस सांगतो, ३५ च्या वर कोण देत नाही. आता या बिचाऱ्यानं पहिल्या ऑफरला हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचं कशावर? त्याच्या हातातली पट्टीच खोटी आहे आणि ती आपणच सगळ्यांनी मिळून खोटी केली.

बाजार समितीत तुरीचा भाव कळतो कारण सौदा उघड होतो आणि आकडा लिहिला जातो. आडते काही साधुसंत नाहीत. पण सर्वसाधारण दर जाहीर होतो म्हणून अगदी अडाणी शेतकऱ्यालाही आपण फसतोय का याचा अंदाज येतो. जन्मभराच्या कमाईच्या घराला ही सोय नाही. इंग्लंडमध्ये घरविक्रीची नोंदलेली किंमत सरकार उघड प्रसिद्ध करतं, कुणीही बघावी. आपल्याकडे आकडे सरकारजवळ आहेत, पण एकेक क्रमांक टाकून शोधायचे. दर वर्षी रेडी रेकनर निघतो, दोन वर्षं तसाच ठेवून १ एप्रिल २०२५ पासून वाढवलाही. तो मुद्रांक शुल्कापुरता सरकारचा अंदाज आहे. तुमच्या गल्लीतला बाजारभाव म्हणजे तो नव्हे.

माझी मागणी साधी आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात महिन्याभरात नोंदवलेल्या घरांच्या व्यवहारांचा तक्ता, नावं वगळून, प्रभागवार आणि चौरस फुटाच्या दरानं प्रसिद्ध करा. किमान, कमाल, सर्वसाधारण. बाजार समितीच्या तक्त्यासारखाच. आम्ही पेपरवाले तो आनंदानं छापू. सुरुवातीला आकडे खोटेच येतील, हे मला कळतं. पण आकडा उघड्यावर आला की खोटं बोलणंही हळूहळू महाग पडायला लागतं. नगरसेवक, आमदार यांच्याकडे गटार आणि पेव्हर ब्लॉकच्या बरोबरीनं हेही मागायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हातात काय? चार गोष्टी.

एक. घर विकायला काढायच्या आधी घरच्यांनी बसून तीन आकडे कागदावर लिहा. मागायचा भाव, ज्याच्या खाली जायचं नाही तो भाव, आणि किती महिने थांबायचं ती तारीख. पहिली ऑफर दुसऱ्या आकड्याच्या वर असेल, पैसे बँकेतून येणार असतील आणि मुदत छोटी असेल, तर ती पहिली आहे एवढ्यासाठी नाकारू नका.

दोन. कागद आधी तयार करा. मालमत्ता पत्रकावर कुणाचं नाव आहे? वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी वारस नोंद नाही, असं निम्म्या घरांत सापडेल. बहिणींचा हक्क आहे, त्यांच्या सह्या लागतात. त्या हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. आणि तोही त्यांच्या राजीखुशीनं, ओवाळणीच्या भावनेवर नाही. कितीतरी चांगली पहिली गिऱ्हाइकं भावावरून जात नाहीत, "भाऊ अमेरिकेत आहे, मुखत्यारपत्र मागवलंय" या वाक्यावर जातात.

तीन. "आजच इसार घ्या, उद्या माझं मन बदलेल" म्हणणाऱ्याला पंधरा दिवस मागा. खरा घेणारा थांबतो. त्यालाही वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्यायचा असतो, त्याच्याही आयुष्यात हे एकदाच होणार असतं. जो पंधरा दिवस थांबत नाही त्याला घर नको असतं, संधी हवी असते. या पंधरा दिवसांत आणखी दोन-तीन जणांना घर दाखवा, आणि शेजारच्या अलीकडच्या दोन व्यवहारांत खरी रक्कम किती होती, ते घेणाऱ्यालाच जाऊन विचारा. लोक फोनवर सांगत नाहीत, घरी गेल्यावर चहाबरोबर सांगतात.

चार. त्या घरात आई राहत असेल तर पहिल्या ऑफरच्या उत्तराआधी तिला विचारा. तिनं जायचं कुठं, कधी, आणि विक्रीतला किती पैसा तिच्या स्वतःच्या खात्यावर राहणार, हे भावाच्या आधी ठरवा. दोन महिन्यांत घर खाली करून द्यायचंय, हे तिला इसार झाल्यावर कळणं फार वाईट. बैठकीत चार पुरुष आकड्यांवर भांडतात आणि स्वयंपाकघरातून चहा पाठवणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं छप्पर विकलं जातं. हे मी बघितलंय, एकदा नव्हे.

या चार गोष्टी झाल्या असतील तर चौथ्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकालाही बिनधास्त हो म्हणा. नंतर कुणी "पाच लाख जास्त आले असते" म्हणेल, त्याला विचारा, तू देत होतास का? आणि या गोष्टी झाल्या नसतील तर चौदावं गिऱ्हाईक आलं तरी तुम्हाला काही ठरवता येणार नाही, कारण अडलंय ते घरातच.

तुमच्या गावात अलीकडे घर विकलं गेलं असेल तर भाव लिहा, खरा. नाव नको, गल्ली आणि चौरस फूट पुरे. सरकारचा तक्ता येईल तेव्हा येईल, आपला आपण सुरू करू. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडायला मी आहेच.